आफ्रिकन स्वाइन फीवर: डुकरांच्या या तापावर शंभर वर्षांनंतरही खात्रीची लस का नाही?

मार्च २०२१. मिझोरामच्या लुंगलेई जिल्ह्यात, बांगलादेशच्या सीमेजवळच्या लुंगसेन गावात डुकरं मरायला लागली. वर्ष संपलं तेव्हा राज्यभरात दगावलेल्या डुकरांचा आकडा ३३ हजारांच्या पुढे गेला होता. २०११ च्या जनगणनेनुसार मिझोरामची लोकसंख्या जेमतेम ११ लाख. म्हणजे दर तेहतीस माणसांमागे एक डुक्कर गेलं.

जिथे घरामागच्या गोठ्यातली दोन-चार डुकरं हीच मुलांची फी, दवाखान्याचा खर्च आणि लग्नाची तजवीज असते, तिथे या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या मृत्यूंमागचा आजार म्हणजे आफ्रिकन स्वाइन फीवर, थोडक्यात एएसएफ. आजार नवा नाही. १९२१ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं, म्हणजे त्याला शंभर वर्षं उलटून गेली. तरीही आज जगातल्या बहुतेक देशांकडे या आजारावर एकच उपाय आहे: बाधित भागातली डुकरं मारून पुरून टाकणं.

असं का? कोरोनावर वर्षभरात लस येते, मग या आजारावर का येत नाही? रानडुकरांचा यात काय संबंध? आणि महाराष्ट्र-गोव्याने याची काळजी करावी का? समजून घेऊया.

आधी एक गोंधळ दूर करू: हा स्वाइन फ्लू नाही

‘स्वाइन’ हा शब्द ऐकला की महाराष्ट्रात अनेकांना २००९ आठवतं. स्वाइन फ्लूमुळे भारतातला पहिला मृत्यू त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात झाला होता. शाळा बंद, मास्कसाठी धावपळ, हे सगळं लोकांनी पाहिलं आहे. त्यामुळे एएसएफची बातमी आली की व्हॉट्सअॅपवर ‘स्वाइन फ्लू परत आला’ असे मेसेज फिरायला लागतात.

पण हे दोन पूर्णपणे वेगळे आजार आहेत.

स्वाइन फ्लू हा इन्फ्लुएंझा विषाणूमुळे होतो आणि तो माणसाला होतो. आफ्रिकन स्वाइन फीवर फक्त डुकरांच्या कुळातल्या प्राण्यांना होतो. माणसाला तो होत नाही. गाय, शेळी, कोंबडी, कुत्रा यांनाही होत नाही. बाधित डुकराजवळ गेल्याने किंवा नीट शिजवलेलं डुकराचं मांस खाल्ल्याने माणूस आजारी पडत नाही.

गोंधळ आणखी एका नावाचा आहे. ‘क्लासिकल स्वाइन फीवर’ नावाचा डुकरांचा तिसरा आजार भारतात आधीपासून आहे. लक्षणं एएसएफसारखीच दिसतात, पण विषाणू वेगळा आहे. त्यावर लस आहे आणि ती भारतातही तयार होते. ही लस एएसएफवर चालत नाही. डुक्कर यापैकी कोणत्या तापाने मेलं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणीच लागते.

हा आजार नेमका काय करतो?

विषाणू शिरल्यापासून साधारण ४ ते १९ दिवसांत लक्षणं दिसतात. डुकराला ४१-४२ अंशांपर्यंत ताप चढतो, ते खाणं सोडतं, एका कोपऱ्यात पडून राहतं. कान, पोट आणि पायांची त्वचा लालसर-जांभळी होते. उलट्या आणि रक्ताचे जुलाब होतात. काही डुकरं तर कोणतंही लक्षण न दाखवता अचानक मरतात. तीव्र प्रकारात मृत्यूचं प्रमाण १०० टक्क्यांच्या जवळ जातं.

विषाणूचा पहिला हल्ला होतो तो मॅक्रोफेज नावाच्या पेशींवर. शरीरात घुसलेल्या जंतूंना गिळून टाकणं हे या पेशींचं काम. एएसएफचा विषाणू नेमका याच पेशींमध्ये घर करतो, तिथेच आपल्या प्रती काढतो. घरात चोर शिरावा आणि त्याने आधी पहारेकऱ्यालाच आपल्या कामाला लावावं, तसा हा प्रकार. त्यानंतर रोगप्रतिकारक यंत्रणा भरकटते, रक्तवाहिन्यांचं नुकसान होतं आणि आतल्या आत रक्तस्राव होतो.

आफ्रिकेतून जगभर कसा पसरला?

आफ्रिकेत हा विषाणू फार पूर्वीपासून आहे. तिथले वॉर्टहॉग, म्हणजे सुळेवाले जंगली वराह, आणि त्यांच्या बिळांत राहणाऱ्या मऊ पाठीच्या गोचिडी यांच्यात तो फिरत राहतो. वॉर्टहॉगला त्याचा काहीही त्रास होत नाही. युरोपीय वसाहतवाद्यांनी केनियात पाळीव डुकरं आणली, त्या डुकरांना मात्र हा ताप पटापट मारू लागला. तिथे काम करणारे पशुवैद्य रॉबर्ट मॉन्टगोमेरी यांनी १९२१ मध्ये या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं.

१९५७ मध्ये हा विषाणू आफ्रिकेबाहेर पडला आणि पोर्तुगालची राजधानी लिस्बनला पोहोचला. कसा? विमानातून उतरवलेलं उरलंसुरलं अन्न विमानतळाजवळच्या डुकरांना घातलं गेलं, असं मानलं जातं. १९६० मध्ये तो पुन्हा आला आणि स्पेन-पोर्तुगालमध्ये ठाण मांडून बसला. त्याला तिथून हटवायला स्पेनला १९९५ उजाडलं.

१९७०च्या दशकात तो कॅरिबियन बेटांवर पोहोचला. १९७१ मध्ये क्युबाने सुमारे पाच लाख डुकरं गमावली. हैतीमध्ये तर देशातली सगळी देशी ‘क्रिओल’ डुकरं मारण्यात आली. ही काळी, काटक डुकरं खरकट्यावर आणि रानातल्या कंदमुळांवर जगायची. त्यांच्या जागी अमेरिकेतून आणलेल्या डुकरांना विकतचं खाद्य आणि चांगला निवारा लागायचा, तो गरीब शेतकऱ्याला परवडणारा नव्हता. रोग गेला, पण गावाची बचत बँकही गेली.

सध्या जगभर चालू असलेली साथ २००७ मध्ये सुरू झाली. जॉर्जिया देशातल्या पोटी बंदरात जहाजातून आलेल्या दूषित मांसाच्या कचऱ्यातून विषाणू डुकरांपर्यंत पोहोचला, असा अंदाज आहे. तिथून रशिया, २०१४ मध्ये पोलंड आणि बाल्टिक देश, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये थेट चीन.

चीनमध्ये जगातली जवळपास निम्मी डुकरं होती. वर्षभरात तिथली डुकरांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. २०१९ च्या अखेरीस डुकराच्या मांसाचे भाव आदल्या वर्षीच्या तुलनेत दुपटीवर गेले. त्याची झळ मांस न खाणाऱ्यांनाही बसण्याची भीती निर्माण झाली. कारण डायलिसिस आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्त गोठू नये म्हणून जे हेपॅरिन वापरतात, ते डुकराच्या आतड्यांपासून बनतं आणि त्याच्या कच्च्या मालाचा मोठा हिस्सा चीनमधून येतो. अमेरिकेत तेव्हा हेपॅरिनच्या तुटवड्याची उघड चर्चा झाली.

विषाणू इतका चिवट का?

लिस्बन असो की पोटी, दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. आजारी डुक्कर कुठेही गेलं नव्हतं. त्याचं मांस गेलं होतं.

हा विषाणू मांसात किती दिवस जिवंत राहू शकतो, याचे आंतरराष्ट्रीय संस्थांनी दिलेले आकडे असे आहेत:

- गोठवलेलं मांस: सुमारे १,००० दिवस
- वाळवलेलं मांस: सुमारे ३०० दिवस
- खारवलेलं मांस: सुमारे १८० दिवस
- फ्रीजमध्ये ठेवलेलं मांस: सुमारे ११० दिवस
- धुरावलेलं मांस: सुमारे ३० दिवस

शिजवण्यापुढे मात्र तो टिकत नाही. मांस आतपर्यंत ७० अंशांवर अर्धा तास शिजलं की विषाणू मरतो.

म्हणूनच तज्ज्ञांचा सगळ्यात जास्त आक्षेप आहे तो हॉटेलांतलं आणि घरातलं खरकटं न उकळता डुकरांना घालण्यावर. युरोपीय संघात यावर वीस वर्षांहून अधिक काळ बंदी आहे. भारतात मात्र लहान डुक्करपालकासाठी खरकटं हे सर्वात स्वस्त, बऱ्याचदा एकमेव परवडणारं खाद्य असतं. त्यामुळे ‘खरकटं घालू नका’ हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड आहे.

याशिवाय गाडीची चाकं, बुटांना लागलेली घाण, एकाच सुईने अनेक डुकरांना दिलेली इंजेक्शनं, गोठ्यागोठ्यांतून फिरणारे व्यापारी, हे सगळे विषाणूचे वाहक ठरू शकतात.

मग लस का बनत नाही?

संशोधन कमी झालंय म्हणून नाही. अडचण विषाणूच्या रचनेतच आहे.

पहिली अडचण, त्याचा आकार. क्लासिकल स्वाइन फीवरच्या विषाणूची जनुकीय माहिती सुमारे १२ हजार अक्षरांत मावते. कोरोनाची सुमारे ३० हजार अक्षरांत. एएसएफची माहिती १ लाख ७० हजार ते १ लाख ९० हजार अक्षरांची आहे आणि त्यातून दीडशेहून जास्त प्रथिनं तयार होतात. यातल्या अनेक प्रथिनांचं कामच डुकराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला चकवणं हे आहे. काही प्रथिनं नेमकं काय करतात, हे अजून कळलेलं नाही. कोरोनाच्या वेळी ‘स्पाइक प्रोटीन’ हे एक ठळक लक्ष्य होतं. इथे तसं एकच लक्ष्य सापडत नाही.

दुसरी अडचण, मेलेला विषाणू टोचून उपयोग होत नाही. पोलिओच्या इंजेक्शनात किंवा कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला विषाणू असतो. एएसएफच्या बाबतीत ही पद्धत अनेकदा वापरून पाहिली गेली, पण डुकरांना संरक्षण मिळालं नाही.

राहिला तिसरा मार्ग: जिवंत पण कमजोर केलेला विषाणू टोचणं. १९६०च्या दशकात पोर्तुगालमध्ये हा प्रयोग झाला. त्याचा परिणाम उलटा झाला. लस दिलेल्या अनेक डुकरांना दीर्घकाळ रेंगाळणारा आजार जडला आणि ती विषाणूची वाहक बनली. त्या अनुभवाने संशोधक पुढची कित्येक वर्षं सावध राहिले.

अमेरिकेतली प्रयोगशाळा, व्हिएतनाममधली लस

जनुकं कापण्याचं तंत्र सुधारलं, तसा हा मार्ग पुन्हा खुला झाला. २०२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्लम आयलंड इथल्या केंद्रात मॅन्युएल बोर्का आणि डग्लस ग्लॅड्यू यांच्या गटाने जॉर्जियातल्या विषाणूतून ‘आय१७७एल’ नावाचं एकच जनुक काढून टाकलं. असा विषाणू टोचलेली डुकरं आजारी पडली नाहीत आणि नंतर मूळ विषाणू दिल्यावरही वाचली.

या संशोधनावर आधारलेली लस व्हिएतनामच्या नॅव्हेटको कंपनीने बनवली. जून २०२२ मध्ये तिला परवाना मिळाला. एएसएफवरची जगातली ही पहिली व्यावसायिक लस.

पण दोनच महिन्यांत काही भागांत लस दिलेली शेकडो डुकरं मेली आणि वापर थांबवावा लागला. मान्यता नसलेल्या वयाच्या आणि प्रकारच्या डुकरांनाही लस टोचल्याचं सरकारने सांगितलं. पुढे जुलै २०२३ मध्ये व्हिएतनामने नॅव्हेटको आणि एव्हॅक या दोन कंपन्यांच्या लसींना देशभर परवानगी दिली, ती मुख्यतः मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या डुकरांसाठी. ऑगस्ट २०२४ मध्ये फिलिपिन्सने बटांगस प्रांतातल्या लोबो इथून एव्हॅकच्या लसीचा नियंत्रित वापर सुरू केला.

मग बाकीचे देश थांबलेत कशासाठी? त्यांच्या शंका तीन आहेत.

एक, कमजोर केलेला विषाणू एका डुकरातून दुसऱ्यात जाता जाता पुन्हा घातक होईल का? २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात ‘आय१७७एल’ काढलेल्या विषाणूच्या बाबतीत हेच घडल्याचं दिसलं. गाभण डुकरिणींवर त्याचा वाईट परिणाम झाल्याचंही आढळलं.

दोन, लस दिलेलं डुक्कर आणि खरोखर बाधित डुक्कर यांच्यातला फरक तपासणीत कसा ओळखायचा? तो ओळखता आला नाही तर साथ कुठे आहे हेच कळत नाही आणि मांसाची निर्यातही अडते.

तीन, विषाणूचे वेगवेगळे प्रकार आहेत. एकावर चालणारी लस दुसऱ्यावर चालेलच असं नाही.

मे २०२५ मध्ये जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने एएसएफच्या लसीसाठी पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय मानक स्वीकारलं. लस किती सुरक्षित आणि परिणामकारक असली पाहिजे, हे त्यामुळे देशांना मोजता येईल. आधी हे माप नव्हतं.

घाईची लस: चीनचा धडा

माप नसताना काय होतं, हे चीनमध्ये दिसलं. २०२०-२१ मध्ये तिथल्या डुकरांत विषाणूचे असे प्रकार सापडले, ज्यांत ठराविक जनुकं गायब होती. ही जनुकं लसीच्या संशोधनात काढली जातात. त्यामुळे कोणीतरी बेकायदा लस बनवून विकल्याचा संशय बळावला. या विषाणूने डुकरं लगेच मरत नव्हती, पण अशक्त होत होती, पिल्लं कमी देत होती आणि आजार गुपचूप पसरवत होती.

२०२३ मध्ये आणखी एक बातमी आली. चिनी संशोधकांनी जिआंग्सू, हेनान आणि इनर मंगोलिया इथून संकरित विषाणू वेगळे केले. त्यांत पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही प्रकारांचे जनुकीय तुकडे एकत्र आले होते. दुसऱ्या प्रकारापासून संरक्षण देणारी चीनमधली प्रायोगिक लस या संकरित विषाणूपुढे निष्प्रभ ठरली. नंतर व्हिएतनाममध्येही असे संकरित विषाणू सापडले.

म्हणजे लसीची वाट पाहताना विषाणू मात्र थांबलेला नाही.

रानडुकरांचं गणित वेगळं का आहे?

पाळीव डुकरांना गोठ्यात बंद ठेवता येतं. रानडुकरांचं काय करायचं?

युरोपात साथ लांबण्याचं मोठं कारण रानडुकरं हेच आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी जंगलात मेलेल्या रानडुकरांजवळ कॅमेरे लावले. दुसरी रानडुकरं तिथे येऊन मृतदेह हुंगताना, त्याला आणि आसपासच्या मातीला तोंड लावताना दिसली. थंड हवेत मृतदेह लवकर कुजत नाही आणि त्यातला विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. एक मेलेलं रानडुक्कर पुढच्या कळपासाठी सापळा ठरतं.

मग सरळ शिकार करून रानडुकरं कमी का करायची नाहीत? इथे अनुभव उलटा आहे. बाधित भागात बंदुकीचे आवाज आले, कुत्रे सोडले की कळप विखुरतात आणि विषाणू घेऊन लांब पळतात. २०१७ मध्ये झेक प्रजासत्ताकाने म्हणून आधी भाग कुंपणाने बंद केला, आतली शिकार थांबवली, मृतदेह शोधून उचलले आणि नंतरच्या टप्प्यात नेमबाज वापरले. बेल्जियमने कुंपणांचं जाळं उभारून २०२० पर्यंत रोग संपवला. स्वीडनने सप्टेंबर २०२३ मध्ये जंगलाचा मोठा भाग फिरायला जाणाऱ्यांसाठीही बंद केला आणि वर्षभरात रोगमुक्ती मिळवली. तिन्ही देशांत लस नव्हती. लवकर लागलेला सुगावा आणि शिस्त होती.

रानडुकरं स्वतःहून विषाणू किती लांब नेतात? युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या विश्लेषणात हा वेग वर्षाला साधारण ३ ते १२ किलोमीटर इतकाच निघाला. शेकडो किलोमीटरच्या उड्या मात्र माणसांच्या गाड्यांतून आणि डब्यांतून झाल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ मेलेल्या रानडुकरांत हा विषाणू सापडला. १९९४ नंतर देशात पहिल्यांदाच. आसपासच्या कुठल्याही बाधित भागातून चालत येण्याइतकं हे अंतर नव्हतं.

रानडुकरांसाठी वेगळ्या लसीवरही काम चालू आहे. २०१९ मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी आमिषासारखी तोंडावाटे देण्याची लस तपासली. लातव्हियातल्या एका रानडुकरात सापडलेला, मुळातच सौम्य असलेला विषाणू त्यात वापरला होता. प्रयोगात ९२ टक्के रानडुकरं वाचली. पण जंगलात सोडलेलं आमिष कोण खाईल, किती खाईल आणि तो विषाणू पुढे कसा वागेल, या प्रश्नांमुळे ती अजून जंगलापर्यंत गेलेली नाही.

स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेने आणखी वेगळी दिशा धरली. वॉर्टहॉगला हा रोग का मारत नाही, याचा धागा पकडून त्यांनी पाळीव डुकराच्या ‘आरइएलए’ या जनुकात वॉर्टहॉगसारखा बदल केला. पण या बदलाने पूर्ण संरक्षण मिळालं नाही.

भारतात काय घडलं?

२०२० च्या सुरुवातीला अरुणाचल प्रदेश आणि आसाममध्ये डुकरं मरायला लागली. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने हा एएसएफ असल्याचं निश्चित केलं. मेच्या सुरुवातीला आसाम सरकारने ३०६ गावांत सुमारे २,५०० डुकरं मेल्याचं सांगितलं. देश लॉकडाउनमध्ये होता, त्यामुळे ईशान्येबाहेर ही बातमी फारशी पोहोचलीच नाही.

काझीरंगा राष्ट्रीय उद्यानाच्या आगरातोली भागात रानडुकरं गावांकडे येऊ नयेत म्हणून चर खोदण्यात आला. आसाममध्ये आणखी एका प्राण्याची काळजी होती: पिग्मी हॉग. जेमतेम २५ सेंटिमीटर उंचीचं हे जगातलं सर्वात छोटं रानडुक्कर. ते नामशेष झालं असं मानलं जात असताना १९७१ मध्ये पुन्हा सापडलं. १९९६ पासून बंदिस्त प्रजनन करून त्याला जंगलात सोडलं जातंय. अशा मोजक्या संख्येच्या प्राण्यात हा विषाणू शिरला, तर अनेक वर्षांचं काम काही आठवड्यांत पुसलं जाऊ शकतं. बोर्निओत २०२१ मध्ये दाढीवाल्या रानडुकरांच्या बाबतीत असा फटका बसलेला आहे.

जुलै २०२२ मध्ये विषाणू केरळच्या वायनाडमध्ये पोहोचला. जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूच्या मुदुमलाईत मेलेल्या रानडुकरांमध्येही तो आढळला. पाळीव डुकरांतला आजार जंगलात उतरल्याची ही खूण होती.

केंद्राच्या कृती आराखड्यानुसार साथ सापडली की १ किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र आणि १० किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र ठरतं. बाधित क्षेत्रातली डुकरं मारली जातात. मालकाला भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या डुकरांची. रोगाने आधीच मेलेल्या डुकरांची नाही.

खरी अडचण इथेच आहे. पहिलं डुक्कर आजारी पडलं की पालकापुढे दोन रस्ते असतात. एक, कळवायचं, सगळी डुकरं मारू द्यायची आणि भरपाईची वाट पाहायची. दोन, बाकीची धडधाकट दिसणारी डुकरं रातोरात मिळेल त्या भावाला विकून टाकायची. भरपाईला महिनोन्‌महिने लागत असतील, तर गरीब माणूस कोणता रस्ता धरेल? विषाणू पुढच्या जिल्ह्यात जातो तो अशाच विक्रीतून.

महाराष्ट्र आणि गोव्याने लक्ष का द्यावं?

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ९० लाख ६० हजार डुकरं होती. त्यात आसामचा वाटा सर्वात मोठा, सुमारे २१ लाख. महाराष्ट्रात डुक्करपालन त्या मानाने कमी आहे आणि म्हणूनच ते नजरेबाहेर आहे. राज्यात हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या कैकाडी, वडार अशा समाजांतल्या कुटुंबांनी केला. नागराज मंजुळे यांच्या ज्या ‘फँड्री’ सिनेमाने हे जग पडद्यावर आणलं, त्याचं नावच कैकाडी भाषेतला डुकरासाठीचा शब्द आहे. नोंद नसलेली, विमा नसलेली, मोकळी फिरणारी डुकरं मेली तर त्याची बातमी होत नाही आणि नमुनाही तपासायला जात नाही. साथ पसरायला याहून सोयीची स्थिती नाही.

दुसरा मुद्दा सह्याद्रीचा. वायनाड आणि मुदुमलाई ज्या डोंगररांगांच्या परिसरात आहेत, त्याच पश्चिम घाटाच्या रांगा उत्तरेकडे गोवा, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, साताऱ्यापर्यंत येतात. रानडुकरं या पट्ट्यात सगळीकडे आहेत. भात, भुईमूग, ऊस यांचं नुकसान करणारा प्राणी म्हणून शेतकरी त्यांच्यावर वैतागलेला आहे. त्यामुळे शेताच्या बांधावर रानडुक्कर मेलेलं दिसलं तर ‘बरं झालं’ म्हणून सोडून दिलं जाण्याची किंवा त्याचं मांस वाटून घेतलं जाण्याची शक्यता जास्त. पण युरोपातला अनुभव सांगतो की जंगलातल्या साथीचा पहिला पुरावा हाच असतो.

गोव्यात प्रश्न खाद्यसंस्कृतीशीही जोडलेला आहे. सोरपोतेल, चोरीस हे तिथल्या सणासुदीचे पदार्थ. चोरीस शिजवूनच खाल्लं जातं, त्यामुळे खाणाऱ्याला धोका नाही. काळजी फक्त इतकीच घ्यायची की कच्च्या मांसाचे उरलेले तुकडे डुकरांच्या खाद्यात जाऊ नयेत. गोव्याची ‘आगोंदा गोवन’, मिझोरामची ‘झोवॉक’, मेघालयाची ‘नियांग मेघा’ या नोंदणीकृत देशी जाती आहेत. स्थानिक हवामानात, कमी खाद्यावर जगणाऱ्या. हैतीत जे झालं ते इथे होऊ नये, यासाठी या जातींचे कळप एकाच ठिकाणी न ठेवणं आणि त्यांची जनुकीय सामग्री जपून ठेवणं महत्त्वाचं ठरतं.

तुम्ही काय करू शकता?

- एकाच भागात दोन-तीन डुकरं किंवा रानडुकरं अचानक मेलेली दिसली तर हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा वन विभागाला कळवा. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.
- मेलेलं जनावर नदी-नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरणं हाच योग्य मार्ग आहे.
- डुकरं पाळत असाल तर खरकटं किमान अर्धा तास उकळूनच घाला. नवीन आणलेली डुकरं काही आठवडे वेगळी ठेवा.
- ‘एएसएफची लस’ म्हणून कोणी काही विकत असेल तर घेऊ नका. पशुसंवर्धन विभागाकडे आधी चौकशी करा.
- ‘डुकराचं मांस खाल्ल्याने हा ताप होतो’ असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. अशा अफवेने भाव कोसळतात आणि ज्याची डुकरं रोगातून वाचली आहेत, तोही बुडतो.

पुढच्या काही वर्षांत लस सुधारेल, कदाचित भारतातही येईल. तोवर झेक, बेल्जियम आणि स्वीडनने लसीशिवाय जे केलं त्याचा पाया एकच होता: पहिला मृत्यू लवकर कळणं. भारतात तो कळवणारा माणूस हा बहुतेक वेळा दोन-चार डुकरांवर घर चालवणारा असतो. कळवल्यावर त्याचं नुकसान वेळेत भरून निघेल याची खात्री त्याला मिळाली, तर साथीची खबर लवकर येईल. ती मिळाली नाही, तर पुढची बातमीही मिझोरामसारखी काही हजार डुकरं गेल्यानंतरच येईल.